इग्बो लोकांचा जुना इतिहास समजून घ्यायचाय? मग राजा शोधू नका, आधी खड्डा बघा

आफ्रिकेचा इंग्रज यायच्या आधीचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांची गाडी इजिप्तवर सुरू होते आणि फार तर मालीचा राजा मन्सा मुसा याच्या सोन्यावर थांबते. नायजेरियाच्या आग्नेय भागातले इग्बो त्यात कुठेच नसतात, कारण त्यांचं साम्राज्य नव्हतं, मोठा किल्ला नाही, सनावळी पाठ करावी असं राजघराणं नाही. आणि ज्यांना खरंच वाचायची इच्छा असते ते नेटवर सर्च मारतात आणि पहिल्या अर्ध्या तासात "इग्बो मूळचे ज्यू" किंवा "इग्बो म्हणजे इजिप्तचे फारो" अशा व्हिडिओंमध्ये अडकतात. तर शून्यापासून सुरुवात करायची असेल तर कुठून करायची, काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, ते सांगतो.

पहिलं काम, नकाशा उघडा. नायजर नदी समुद्राला मिळायच्या आधी तिच्या पूर्वेला अनांब्रा, एनुगू, इमो, अबिया, एबोन्यी ही पाच राज्यं दिसतील, हा इग्बोंचा मुख्य पट्टा, आणि नदीच्या पश्चिमेला असाबाच्या बाजूलाही इग्बो बोलणारे लोक आहेत. जंगलाचा प्रदेश, पामतेल, आणि मुख्य पीक याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्याच कुळातला कंद. एवढं डोक्यात बसलं की पुढे जा, नकाशावर जास्त वेळ घालवू नका.

आता खरी सुरुवात. अनांब्रात इग्बो-उक्वू नावाचं गाव आहे. 1938 च्या सुमाराला तिथे आयझाया अनोझी नावाचा माणूस आपल्या अंगणात पाणी साठवायला टाकं खणत होता, आणि खाली ब्राँझची भांडी लागली. त्याला काय माहीत काय आहे ते, काही वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन टाकल्या. मग जे. ओ. फील्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने बऱ्याच वस्तू विकत घेतल्या आणि त्यावर लिहिलं, पण नीट उत्खनन व्हायला 1959 उजाडलं. पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी 1959-60 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये तिथे खणलं. तीन जागा निघाल्या आणि ज्यांच्या जमिनी त्यांचीच नावं पडली, इग्बो आयझाया, इग्बो रिचर्ड, इग्बो जोना. पहिली म्हणजे पूजेच्या किंवा मानाच्या वस्तू ठेवायची जागा, दुसरी एका मोठ्या माणसाचं दफन, तिसरा खड्डा ज्यात वस्तू टाकल्या किंवा पुरल्या होत्या. काळ साधारण 9व्या-10व्या शतकाच्या आसपासचा धरतात, त्यावर वाद झालेत, काही जण थोडा पुढे आणतात, पण पोर्तुगीज जहाजं त्या किनाऱ्याला लागायच्या कितीतरी आधीचा आहे यात शंका नाही.

फोटो बघताना घाई करू नका, कारण इथेच सगळी मजा आहे. काही वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या ऑनलाइन संग्रहात झूम करून बघता येतात, बऱ्याच लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात. दोरीच्या जाळीत बसवलेलं भांडं शोधा, सगळ्यात प्रसिद्ध तेच. नीट बघितलं की कळतं ती दोरी बांधलेली नाहीये, गाठींसकट सगळी ओतलेली आहे. मग शंखाच्या आकाराचं भांडं, त्याच्यावर उभा बिबट्या. मग पृष्ठभागावर बसलेले बारीक किडे, माश्या, हे कशाला असं वाटतं, पण ज्याने ओतलं त्याला भांडं नुसतं भांडं ठेवायचंच नव्हतं. आणि माणसांच्या चेहऱ्यावरच्या रेषा बघा, कपाळापासून गालापर्यंत. जवळच्या न्री गावाकडचे प्रतिष्ठित पुरुष अगदी विसाव्या शतकापर्यंत चेहऱ्यावर इची नावाचे व्रण करून घ्यायचे, त्यांच्याशी या रेषा जुळतात. हजारेक वर्षं एक खूण चेहऱ्यावर टिकून राहते हा माझ्या मते कुठल्याही शिलालेखापेक्षा भारी पुरावा आहे.

प्रत्येक वस्तू बघताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. माल कुठून आला? केलं कोणी आणि कसं? आणि एवढं परवडलं कोणाला?

मालाचं असं की आधी बऱ्याच जणांनी धरून चाललं होतं की तांबं सहारापलीकडून आलं असणार, कारण जंगलातल्या लोकांकडे कुठून तांबं. नंतर धातूतल्या शिशाची तपासणी झाली आणि नायजेरियातल्याच अबाकालिकी, बेन्वे खोऱ्याच्या बाजूच्या खनिजाशी त्याचा मेळ बसला, म्हणजे घरचंच. मण्यांचं उलटं आहे. काच आणि अकीक मिळून 1,65,000 च्या वर मणी निघाले, आणि यातले पुष्कळ लांबून आलेले, सहारातल्या व्यापारमार्गांवरून. काही अभ्यासक अकीकाचा दोर गुजरातच्या खंबातपर्यंत नेतात, इजिप्तचाही पर्याय आहे, तेव्हा "आपल्या भारतातून गेले" असं छातीठोक लिहून शेअर करू नका, शक्यता आहे एवढंच.

करण्याची पद्धत म्हणजे मेणाचा नमुना, त्यावर माती, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मेणाऐवजी झाडाचा चीक वापरला असावा असाही एक अंदाज आहे. अवघड वस्तू एका दमात ओतलेल्या नाहीत, भाग वेगळे ओतून मग नवीन धातू ओतूनच सांधलेत, रिव्हेट नाही, डाग देणं नाही. जे ठोकून घडवलंय ते जवळपास शुद्ध तांबं, आणि जे ओतलंय त्यात कथील आणि शिसं मिसळलेलं, म्हणजे कुठल्या कामाला कुठला धातू हे त्यांना पक्कं माहीत होतं. जगातल्या इतर कारागिरांच्या काही सवयी इथे दिसतच नाहीत म्हणूनच ही स्वतंत्र परंपरा मानतात.

इथे एक सावधगिरी. नेटवर इग्बो-उक्वू लिहून फोटो बेनिनचा (नायजेरियातलंच जुनं राज्य, आजचा बेनिन देश नव्हे) लावलेला असतो, हे सर्रास चालतं. बेनिनचे ते पितळी पत्रे आणि मुखवटे एडो लोकांचे, कितीतरी नंतरचे, इंग्रजांनी 1897 मध्ये लुटून नेलेले. नायजेरियातल्याच इफे शहराची ती शांत, हुबेहूब माणसासारखी डोकी योरुबांची, तीही नंतरची. चेहरा मोठा आणि सुबक असेल तर बहुधा इफे किंवा बेनिन, भांड्यावर दोऱ्या, किडे, जाळीकाम गच्च भरलेलं असेल तर इग्बो-उक्वू, असं ढोबळ लक्षात ठेवा.

"परवडलं कोणाला" हा प्रश्न घेऊन इग्बो रिचर्डकडे या. तिथे एक माणूस बसलेल्या स्थितीत पुरलेला, अंगावर मणी, तांब्याचे दागिने, सोबत हस्तिदंत. आणि वरच्या थरात आणखी निदान पाच जणांचे अवशेष, जे बहुधा त्याच्याबरोबर पाठवले गेले. हा भाग गाळून नुसतं "वा काय कला" करणारे लेख मला पटत नाहीत.

मग तो राजा होता का? इथेच बहुतेकांचा घोळ होतो. जवळच्या न्रीमध्ये एझे न्री नावाचं पद होतं आणि ह्या वस्तूंचा संबंध बरेच अभ्यासक त्या परंपरेशी लावतात. पण एझे न्रीचा अधिकार फौजेच्या जोरावर नव्हता. त्याची माणसं गावोगाव जायची, जमिनीविरुद्ध केलेल्या पापाची शुद्धी करायची, मानाच्या पदव्या द्यायची, भांडणं मिटवायची. बाकी गावं आपला कारभार आपणच बघायची, भाऊबंदांची बैठक, वडीलधारे, ओझो ही मानाची पदवी घेतलेले, समवयस्कांचे गट, आणि लेकी-सुनांच्या वेगळ्या संघटना. आठवडा चार दिवसांचा, एके, ओरिये, आफो, न्क्वो, आणि ज्या दिवशी ज्या गावाचा बाजार तसं सगळं फिरायचं. ओकेके, ओकोरिये, ओकाफो, ओकोन्क्वो ही नावं त्याच वारांवरून पडलेली.

ही व्यवस्था किती मजबूत होती ते बघायचं असेल तर उलट्या बाजूने या, 1929 वाचा. इंग्रजांना राजे सापडेनात म्हणून त्यांनी कागद देऊन मुखिये बनवले. ओलोको गावात ओकुगो नावाच्या अशाच मुखियाच्या वतीने घरोघर मोजणी सुरू झाली, न्वान्येरुवा नावाच्या बाईने हरकत घेतली, बायकांना वाटलं आता आपल्यावरही कर बसणार, आणि बाजारांच्या जाळ्यातून निरोप फिरून हजारो बायका रस्त्यावर आल्या. गोळीबारात 50 च्या वर बायका मेल्या, पण पुढे ती मुखियापद्धत इंग्रजांना बदलावी लागली. एवढं संघटन काही एका रात्रीत उभं राहत नाही, ते आधीपासून होतंच.

लोखंडासाठी न्सुक्काकडे बघा, तिथली लेज्जा आणि ओपी ही गावं. लेज्जात भट्टीतल्या मळीचे थिजलेले अवजड ठोकळे शेकड्यांनी गावच्या चौकात मांडलेत. तारखांवर मात्र वाद आहे, इ.स.पू. 2000 वगैरे आकडा दिसला तर लगेच फॉरवर्ड नको. चित्रकलेसाठी उली, बायका अंगावर आणि भिंतींवर काढायच्या ती रेषांची कला. न्सिबिदी चिन्हलिपीही बघा पण ती फक्त इग्बोंची नाही, एजागाम आणि एफिक लोकांचीही आहे.

आता ओळखीचा विषय, ज्यावर नेटवर सगळ्यात जास्त मारामारी. ज्यू असल्याची तुलना आजची नाही, गुलामगिरीतून सुटून 1789 मध्ये आत्मचरित्र छापणाऱ्या ओलाउदा इक्विआनोनेही ती केली होती, आणि नंतर मिशनऱ्यांनी ती वाढवली. माझा नियम सोपा आहे, जो दावा श्रेय उचलून बाहेरच्या कुणाला देतो त्याला आधी पुरावा मागायचा. इग्बो-उक्वूचं तांबं घरचं, हात घरचे, मग फारो कशाला हवाय मधे? दुसरी बाजू म्हणते "इग्बो ही ओळखच इंग्रजांनी बनवली", तेही अर्धंच खरं. पूर्वी माणूस स्वतःला न्री, अरो, न्ग्वा, ओनित्शाचा म्हणवायचा, सगळ्यांना मिळून एक नाव हे रेल्वे, शहरं, 1913 चं इग्बो बायबल यातून पक्कं झालं आणि 1967 ते 1970 च्या, बियाफ्रा हा वेगळा देश करण्यावरून झालेल्या युद्धाने आणखी घट्ट केलं. पण चार दिवसांचा आठवडा, कोला नट फोडून पाहुण्याचं स्वागत, ‘आला’ नावाची धरणीदेवी, हे इंग्रजांनी दिलेलं नाही. इक्वेरे समाजासारखे काही जण आज म्हणतात आम्ही इग्बो नाही, तिथे बाहेरून निकाल देऊ नका.

कौतुकासोबत हेही वाचा: अरोचुक्वू गावचं दैवत आणि त्याच्या आडून चाललेला गुलामांचा व्यापार, आणि ओसू. देवाला वाहिलेली माणसं आणि त्यांची पोरंबाळं, त्यांच्याशी लग्न नाही, पंगत नाही. 1956 मध्ये कायद्याने बंदी आली, लग्न ठरवताना प्रश्न अजून निघतो. आपल्या वाचकाला हे समजायला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात कोणी इग्बो ओळखीचं असेल तर "तुमची टोळी कुठली" असं विचारू नका, गाव कुठलं विचारा, मग बघा गप्पा कशा सुरू होतात. बहुतेक जण ख्रिश्चन असतात, त्यामुळे जुन्या देवांबद्दल सगळ्यांना बोलायला आवडेलच असं नाही. आणि सर्च करताना नुसतं इग्बो टाकू नका, जुन्या ब्रिटिश कागदांत "इबो" (Ibo) आहे, त्याही आधीच्या लिखाणात "एबो" (Eboe), तिन्ही स्पेलिंग टाकून बघितलं तरच अर्ध्याहून जास्त जुना मजकूर हाताला लागतो.