बॅटच्या गोलाईवर लेझरने लोगो कोरताना या चुका टाळा

लोगोचं काम सगळ्यात शेवटी येतं. लाकूड तासून झालेलं असतं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, तोल जमलेला असतो, आणि मग ती बॅट आपल्या मशीनखाली येते. इथे हात चुकला तर कारागिराची आठवड्याची मेहनत वाया जाते.

एकदा बेसबॉल बॅटवर मी लोगो मारला. मधली अक्षरं एकदम टोकदार, दोन्ही टोकांची मात्र फुगलेली आणि धुरकट तपकिरी. मला वाटलं पॉवर कमी पडली. वाढवून दुसरा पास (त्याच जागेवरून लेझरची आणखी एक फेरी) मारला, तर मधली अक्षरं जळून कोळसा झाली आणि टोकाची होती तशीच राहिली. पॉवरचा काही दोष नव्हता. मी गोलाईचा हिशेबच केला नव्हता.

तो हिशेब सोपा आहे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅटचा व्यास जास्तीत जास्त २.६१ इंच, म्हणजे सुमारे ६६ मि.मी. चालतो. त्रिज्या झाली ३३. बॅट न फिरवता तिच्यावर २० मि.मी. रुंदीचा लोगो मारला तर मध्यापेक्षा कडा दीड मि.मी. खाली राहतात. ३० मि.मी. केला तर ३.६, आणि ४० केला तर थेट पावणेसात. रुंदी दुप्पट झाली की फरक चौपटीच्याही पुढे जातो, हे पटकन लक्षात येत नाही. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरच्या नेहमीच्या दोन इंची लेन्सला दोन-तीन मि.मी.पर्यंतचा उंचसखलपणा कसाबसा झेपतो. त्यामुळे २० चा लोगो निर्धास्त मारा. ३० चा मारायचा असेल तर फोकस सर्वात उंच जागी लावू नका, तिथून १.८ मि.मी. खाली, म्हणजे फरकाच्या मध्यावर लावा. मध्य आणि कडा दोन्ही थोडे थोडे बाहेर राहतात, पण डोळ्याला कळत नाही. चार इंची लेन्स जास्त फरक सांभाळते, पण तिची रेघ जाड येते आणि बारीक अक्षरं भरून जातात.

क्रिकेट बॅटच्या पाठीवर आणखी वेगळी गंमत. २०१७ पासूनच्या नियमांत बॅटची जाडी ६७ मि.मी.पर्यंत आणि कड ४० मि.मी.पर्यंत चालते. म्हणजे कण्यापासून (पाठीवरच्या मधल्या उंच रेषेपासून) कडेपर्यंत पाठ चांगलीच उतरते. कण्यावरून आडवा जाणारा रुंद लोगो कुणी मागितला तर मी सरळ नाही म्हणतो. कण्याच्या एका बाजूला घ्यायचा, आणि तो उतार मशीनच्या हेडखाली (लेझर सोडणाऱ्या भागाखाली) सपाट येईल अशी बॅट तिरकी टेकवायची. खाली वाळूची पिशवी घेतली की कुठल्याही आकाराला बसते. हाताने घडवलेल्या दोन बॅटा कधीच सारख्या नसतात, म्हणून पहिल्या बॅटसाठी बनवलेला साचा दुसरीला बसेल या भरवशावर राहू नका.

अशा खोलगट जागी नोझल (हेडचं खालचं टोक) कण्याला धडकण्याची भीती असते. फ्रेमिंग करून (लेझर न मारता हेड डिझाइनच्या चौकटीवरून फिरवून) पाहिलं, कुठे लागलं नाही, म्हणून निश्चिंत होऊ नका. फ्रेमिंगमध्ये हेड डिझाइनच्या कडेपर्यंतच जातं. कोरताना मात्र वळण्यासाठी कडेच्या बाहेर काही मि.मी. धावतं. नेमकं तिथेच धडकतं.

रोटरीवर लोगो दबला किंवा ताणला गेला

रोटरी म्हणजे कोरताना बॅट गोल फिरवणारं जोडयंत्र. तिच्यावर गोल शिक्का लंबगोल आला की आधी व्यास तपासा. चकवाल्या (बॅटचं टोक पकडून फिरवणाऱ्या) रोटरीला वस्तूचा खरा व्यास सांगावा लागतो. बॅट निमुळती असते, त्यामुळे कॅलिपर लोगोच्या बरोबर मध्यावर लावायचा. जागा ६० मि.मी. व्यासाची आणि आकडा ६६ चा दिला तर लोगो नऊ टक्के दबलेला येतो. रोलरवाल्या रोटरीला वस्तूच्या व्यासाचं देणंघेणं नसतं, पण निमुळती बॅट रोलरवर हळूहळू सरकत जाते आणि अक्षरांची ओळ तिरपी होते. अशा कामाला चकच बरा. बॅटचं एक टोक उचलून वरची रेषा बेडला समांतर करायलाही विसरू नका. क्रिकेट बॅटची मूठ किंवा हॉकी स्टिकचा दांडा गोल दिसतो, पण बऱ्याचदा असतो लंबगोल. तो रोटरीवर चढवण्याच्या भानगडीत पडू नका.

लोगो दरवेळी एकाच बाजूला सरकत असेल तर लाल ठिपक्यावर संशय घ्या. बऱ्याच मशीनवर हा ठिपका तिरका पडतो, त्यामुळे उंची बदलली की त्याची जागाही बदलते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: थेट लाकडावर पहिला पास

जागेवर कागदी मास्किंग टेप लावा, बोटाने दाबून सगळे बुडबुडे काढा आणि टेप जेमतेम करपेल इतक्याच पॉवरवर पूर्ण डिझाइन मारा. मग बॅट हातात घेऊन, खेळाडू धरतो तशी धरून बघा. तिरकं वाटलं तर टेप काढा, नवी लावा. जमलं तर त्याच टेपवरून खरा पास मारा. आजूबाजूला धुराचा डाग बसत नाही. टेपच्या दोन पट्ट्यांचा सांधा लोगोवर येऊ देऊ नका, तिथे रंग फिका पडतो. आधीचा स्टिकर किंवा आवरण पीव्हीसीचं असेल तर त्यावर लेझर अजिबात नको. त्यातून निघणारा आम्लाचा धूर फुप्फुसांना घातक असतो आणि मशीनही गंजवतो.

अ‍ॅश लाकडावर भरीव काळा लोगो पट्टेदार येतो. त्याच्या ग्रेनमधला (लाकडाच्या नैसर्गिक रेषांमधला) मऊ भाग खोल जळतो, कडक भाग वर राहतो. सेटिंग कितीही बदललं तरी हे पूर्ण जात नाही, म्हणून डिझाइन रेघांचं घ्या. मेपलवर काम स्वच्छ येतं. विलो मऊ, पटकन जळतो. वेग वाढवून सुरुवात करा.

लोगो कुठे घ्यायचा हे कारागिराला विचाराच. बेसबॉलमध्ये खेळाडू लोगो वर ठेवून बॅट धरतो आणि चेंडू त्याच्यापासून पाव वळसा बाजूला लागतो. अ‍ॅशमध्ये चेंडू ग्रेनच्या कडेवर बसायला हवा, मेपलमध्ये ग्रेनच्या सपाट अंगावर. त्यामुळे दोन्हींत लोगोची जागा वेगळी. चेंडू लागतो त्या भागावर आणि मुठीजवळच्या बारीक भागावर खोल कोरायचं नाही, तडा तिथूनच सुरू होतो.

जवसाचं तेल ताजं असताना काम घेतलं तर अक्षरांभोवती चिकट तपकिरी कडं उठतं. शक्यतो तेलाआधीच कोरा. काजळी ओल्या फडक्याने पुसली की ती लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसते. आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन टिपा. दुसरा पास मारायचा असेल तर स्पिरिट पूर्ण उडून जाऊ द्या. त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.