मुलांबरोबर मालिका कशी पाहावी

मुलांच्या टीव्हीचा विषय निघाला की बहुतेक घरांत चर्चा तासांवरच येऊन थांबते. वेळेचे बंधन हवेच. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक वेळ तो पाहू देऊ नये, असे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. परंतु त्या तासाभरात पडद्यावर कोण जिंकते, कोणाला हसले जाते आणि कोणाचे म्हणणे ऐकून घेतले जाते, यांवरून मूल जगाविषयी अंदाज बांधत असते. पालकांनी लक्ष घालायचे ते तेथे.

‘शेवटी वाईटाला शिक्षा होतेच की’ या समजुतीवर फार विसंबू नये. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एक चित्रफीत दाखवली होती. तिच्यात एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला मारत होता. काही मुलांना त्या माणसाला शाबासकी मिळताना दिसली, काहींना त्याला शिक्षा होताना दिसली, तर काहींना दोन्हींपैकी काहीच दिसले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. मात्र पाहिलेले करून दाखवल्यास बक्षीस मिळेल, असे सांगताच त्यांनाही ते इतरांइतकेच जमले. म्हणजे शिक्षा पाहून मुलांनी हात आवरला होता, पण शिकायचे ते शिकून झाले होते. आपल्या मालिकांत तर खलनायिका महिनोन् महिने कारस्थाने करते, उत्तम साड्या नेसते, घरावर सत्ता गाजवते आणि अखेरच्या एखाद्या भागात पकडली जाते. मूल त्यातले काय अधिक वेळ पाहते, हे सांगायला नको.

म्हणून आठवड्यातून एक भाग मुलाबरोबर, हातातला मोबाइल बाजूला ठेवून, पूर्ण पाहावा. पाहताना टिप्पणी करू नये, कारण मूल लगेच आपल्या चेहऱ्याकडे पाहून उत्तरे जुळवू लागते. भाग संपल्यावर ‘हे बरोबर की चूक?’ असेही विचारू नये. त्याचे अपेक्षित उत्तर प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्याऐवजी ‘तिने खोटे बोलून काय मिळवले?’, ‘त्या जाड्या मुलाला सगळे हसले तेव्हा त्याला काय वाटले असेल?’, ‘घरातले स्वयंपाकाचे काम कोण करत होते?’ असे प्रसंगाला धरून विचारावे. उत्तर आले नाही तरी चालते, प्रश्न मात्र मुलाच्या मनात राहतो. संध्याकाळची मालिका आजीची असेल, तर ती बंद करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा हे प्रश्न आजीनेच विचारावेत. तिच्या तोंडी ते परीक्षेसारखे वाटत नाहीत.

थप्पड बसते आणि तोच क्षण ढोलाच्या ठोक्यावर तीनदा दाखवला जातो, तेव्हा आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा दाखवावे. भीती आणि थरार पार्श्वसंगीतातून येत होता, हे सात-आठ वर्षांच्या मुलालाही चटकन उमगते, आणि बहुधा ते हसू लागते.

जाहिरातींसाठी वेगळी तयारी लागते. साधारण आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा हेतू नीटसा कळत नाही. ती त्यांना माहितीच वाटते. उंची वाढवण्याचे आश्वासन देणारे पेय दिसले, तर दुकानात त्याचा डबा हातात घेऊन त्यातील साखरेचे प्रमाण मुलालाच वाचायला लावावे. रंगाविषयीच्या जाहिरातींबाबत मात्र स्पष्ट बोलावे, तेथे आडवळण नको. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये वगळला गेला. पण सावळ्या मुलीला घरातच कोणी ‘जरा उजळली’ म्हणून कौतुकाने न्याहाळत असेल, तर नाव बदलून काय उपयोग?

ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार यू (सर्वांसाठी), यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए (केवळ प्रौढांसाठी) अशी वर्गवारी असते. १३+ पासून पुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. त्याचा पिन मुलासमोर टाइप करू नये. वाहिनीवरील एखादे दृश्य अगदीच आक्षेपार्ह वाटले, तर वाहिनी, कार्यक्रम, तारीख आणि वेळ टिपून ठेवावी व मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी. आठवी-नववीतले मूल असेल, तर त्या तक्रारीचा मसुदा त्यालाच लिहू द्यावा.