‘शाया’तून ‘शाळे’त: चौथी-पाचवीच्या मुलांचं वाचन-लेखन कसं घ्यावं

‘मना बाप वावरमा गया.’ अमळनेर-पारोळ्याकडचं पोर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकतं. त्याच्या पुस्तकात छापलेलं असतं, ‘माझे वडील शेतात गेले.’ चार शब्द, आणि चारही घरच्या शब्दांहून वेगळे. मूल अक्षरं जोडून ते वाक्य वाचतं, पण डोळ्यांसमोर बाप उभा राहत नाही की वावर दिसत नाही. चौथी-पाचवीत अशा मुलांवर ‘कच्चं’ असा शिक्का बसतो. खरं तर त्याच्याकडे भाषा भरपूर असते, ती फक्त अजून कागदावर आलेली नसते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही वर्गात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, मावची यांपैकी एखादी बोली बसलेली असतेच. वाचन-लेखन शिकवायला तिथूनच निघावं लागतं.

आधी ऐका

पहिला आठवडा शिकवू नका, मुलांचं वाचन ऐका. बाकीच्यांना चित्र काढायला देऊन एकेकाला ओट्यावर बोलवा. प्रत्येकाला पाच मिनिटं पुरतात. चार कागद तयार ठेवा: दहा सुटी अक्षरं, जोडाक्षर नसलेले दहा शब्द, चार-पाच वाक्यांचा उतारा आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करा. तो सहज जमला तर गोष्ट द्या. अडला तर शब्द द्या, आणि शब्दही अडले तर अक्षरं. अक्षरांपासून सुरुवात केली तर हुशार मूल कंटाळतं आणि अडणारं पहिल्याच पानावर घाबरतं.

उतारा पाठ्यपुस्तकातला नको. धडे कानावर पडून पडून पाठ झालेले असतात, मूल घडाघडा म्हणतं आणि आपली फसगत होते. शंका आली तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ विचारा.

मोबाइलवर एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचं केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. पाचवीचं मूल 30-35 वर असेल तर वाक्य संपेपर्यंत त्याला वाक्याची सुरुवात आठवत नाही, म्हणून अर्थ लागत नाही. तिथे प्रश्नोत्तरं घोकून घेण्यात अर्थ नाही, आधी वाचनाला वेग यायला हवा.

चुका कशा झाल्या तेही टिपा: शब्द गाळला, बदलला, की अडखळून थांबला. मागे जाऊन स्वतः सुधारला तर ती चूक धरू नका. ते फार चांगलं लक्षण आहे, मूल अर्थाकडे कान ठेवून वाचतंय. आणि खानदेशात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ‘शाळा’ छापलेलं असताना मुलाने ‘शाया’ वाचलं, ‘डोळा’चा ‘डोया’ केला, ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, तर ती वाचनाची चूक नाही. त्याला शब्द कळला आहे, उच्चार घरचा आहे. ‘शाळा’ऐवजी ‘शाल’ वाचलं तर मात्र चूक. तिथे मूल पहिलं अक्षर पाहून अंदाज बांधतंय.

पुस्तक निवडायला साधा हिशोब पुरतो. शंभर शब्दांत पाचपर्यंत चुका झाल्या तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचावं. सहा ते दहा झाल्या तर तुमच्या सोबतीने. त्याहून जास्त झाल्या तर ते पुस्तक आत्ता नको.

गट इयत्तेवर नको

दोन शिक्षकी शाळेत तिसरी ते पाचवीची मुलं एकत्र घेऊन अक्षर-शब्द, उतारा आणि गोष्ट असे तीन गट करा. भाषेच्या तासापुरतेच. गटाला नाव फुलाचं द्या की नदीचं, ‘कच्चा गट’ म्हणू नका. दर सहा आठवड्यांनी चाचणी घेऊन मुलं पुढे सरकवा. कायम राहिलेला गट म्हणजे नव्या नावाने दिलेला जुनाच शिक्का.

अक्षर-शब्द गटातल्या पाचवीच्या मुलाला पुन्हा ‘अ’पासून सुरू करायला लावू नका. त्याला बहुतेक अक्षरं येतात, मोजकी अडतात. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या आणि ‘ख’चं ‘रव’ होणं, एवढीच नेहमीची अडचण असते. सारखी दिसणारी दोन अक्षरं एका दिवशी शिकवलीत तर गोंधळ उलट पक्का होतो. आज ‘घ’ घ्या: घड, घर, घागर. ‘ध’ आठवड्याने घ्या. दोन्ही पक्की झाल्यावरच एका ओळीत आणा.

पुढची ठेच जोडाक्षरांची, आणि त्यातही ‘र’ची. सूर्य, पर्वत यांत तो डोक्यावर बसतो. चक्र, प्रकाश यांत पायाशी तिरपा. ट्रक, ड्रम यांत टोपीसारखा खाली. दुसऱ्या, वाऱ्यावर यांत अर्धा होऊन मध्ये. एका आठवड्याला एकच प्रकार घ्या. बसस्टँडवरच्या पाट्या, खताच्या गोण्या, बियाण्यांची पाकिटं यांवर मुलांना तो शोधायला लावा. ‘आचार्य’ आणि ‘आचाऱ्याला’ शेजारी लिहून मोठ्याने म्हणायला लावलं की रफाराचा आघात कानालाच कळतो.

वेग आणि ओघ

80 ते 100 शब्दांचा उतारा घ्या. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मुलं बोट फिरवतील. मग श्वास कुठे घ्यायचा तिथे तिरप्या रेघा मारा:

सातपुड्याच्या पायथ्याशी / रावेर आणि यावल हे तालुके आहेत. / तिथे केळीच्या / मोठ्या बागा दिसतात.

शब्द-शब्द तोडून वाचणाऱ्या मुलाला या रेघांनी पहिल्यांदा कळतं की ‘सातपुड्याच्या पायथ्याशी’ हा एक घास आहे. मग तुमच्यासोबत एकदा, जोडीदाराला एकदा आणि शेवटी एकट्याने एकदा, असा तोच उतारा तीन-चार वेळा वाचून घ्या. सोमवार आणि गुरुवारचे मिनिटाचे शब्द मुलाने स्वतः वहीत टिपावेत. स्पर्धा त्याची त्याच्याशीच. वर्गात नंबर लावलेत की मुलं शर्यत लावतात, पूर्णविराम गिळतात. आणि एकेकाने उभं राहून एक-एक ओळ वाचण्याची पद्धत सोडा. तीस मुलांत एकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं, बाकी वेळ तो आपली ओळ कधी येते याची वाट पाहतो.

दोन रकान्यांची वही

प्रत्येक मुलाची एक वेगळी वही असू द्या. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. वावर – शेत. सकाय – सकाळ. आठे – इथे. माले – मला. बठा – सगळा. गंज – खूप. रोज तीन शब्द, त्याहून जास्त नको, आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य तोंडी घ्या. तुम्हाला पावरी किंवा मावची येत नसेल तर डावा रकाना मुलं भरतील, अडलं तर आजीला विचारून येतील. त्या दिवशी वर्गात शिकवणारी ती असतात, आणि एरवी न बोलणारं मूल तिथे बोलतं.

डावा रकाना खोडायचा नाही. ‘असं बोलू नको’ हे वाक्य वर्गातून काढून टाका. ते ऐकलेलं मूल बोलणं थांबवतं, आणि न बोललेलं कुणी लिहू शकत नाही.

समजतंय का?

उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडतं अशा प्रश्नांवर थांबलं तर मूल ओळ शोधून उतरवायला शिकतं, समजून घ्यायला नाही. ही दोन वाक्यं पाहा: ‘पथारीवरच्या मिरच्यांवर बायांनी भराभर ताडपत्री ओढली. सगळ्यांचे डोळे वर लागले होते.’ नंदुरबारच्या मुलांना पथारी (मिरच्या वाळत घालायची मोकळी जागा) समजावून सांगावी लागत नाही. ताडपत्री कुणी ओढली, हा ओळीवरचा प्रश्न. का ओढली, हा ओळींच्या मधला, कारण पाऊस हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. मूल ‘पाणी येणार होतं’ म्हणालं की लगेच शाबासकी देऊन पुढे जाऊ नका. ‘कशावरून?’ विचारा. ‘भराभर’ आणि ‘डोळे वर’ या शब्दांवर त्याने बोट ठेवलं की काम झालं. तिसरा प्रश्न त्याच्या अनुभवातला: तुझ्या घरी आभाळ आलं की पहिल्यांदा काय आत घेतात?

उत्तर बोलीत आलं तर बोलीतच घ्या. समज तपासताना भाषा तपासू नका, त्यासाठी वेगळा तास आहे.

लिहिणं म्हणजे उतरवणं नव्हे

रोज पाच ओळी शुद्धलेखनाने अक्षराला वळण लागतं, मनातलं मांडता येत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या रचना त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी लिहून ठेवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या. वर्गातही पहिली पायरी हीच: मुलाने बोलायचं, आपण फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहायचं, मग त्याने ते वाचायचं. आपलं बोलणं वाचता येतं हे दिसलं की पेन्सिल आपोआप हलते. दोन आठवड्यांनी लिहिणं त्याच्याकडे द्या.

विषय ‘माझा आवडता प्राणी’ नको, त्याची ठरीव दहा वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. कानबाई देवीचे रोट, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, पोळ्याला बैल रंगवणं, केळीची कापणी असे डोळ्यांनी पाहिलेले विषय द्या. लिहिण्याआधी पाच मिनिटं जोडीदाराला सांगायचं. पहिला खर्डा असा येतो:

‘केळीचा घड कापतात. घड गाडीत ठेवतात. गाडी जाते. मला मजा वाटते.’

यावर लाल पेन फिरवण्यासारखं काही नाही, आणि मजकूरही नाही. दोनच प्रश्न विचारा: घड कोण कापतं आणि कशाने? गाडीत चेंबू नये म्हणून काय करतात? दुसरा खर्डा:

‘मामा कोयत्याने घड कापतो. मी खांद्यावर घेतो. गाडीत आधी केळीची पानं अंथरतात मग घड ठेवतात. चिक कपड्याला लागला तर डाग जात नही.’

चिकाचं कुणीही विचारलं नव्हतं. दोन प्रश्नांनी त्याच्या डोळ्यांसमोर बाग उभी राहिली आणि ते वाक्य आपसूक आलं. असं वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘मला मजा वाटते’ गेलं, हे त्याला सांगायचीही गरज नाही.

महिन्यातून एकदा कृती लिहून घ्या, उदाहरणार्थ घरी कळण्याची भाकर कशी करतात. ज्वारीत उडीद किती, मीठ दळतानाच टाकतात की नंतर, हे आईला विचारून यायचं. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी एकही प्रश्न न विचारता कृती सांगू शकला तर लेखन जमलं. त्याला जिथे विचारावं लागलं, तिथे पायरी सुटली आहे. शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा हे मुलांना लवकर पटतं.

तपासताना

एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा. आधी मजकूर, मग वाक्यं आणि पूर्णविराम, शेवटी ह्रस्व-दीर्घ. पानभर लाल खुणा पाहिलेलं मूल पुढच्या वेळी येतात तेवढेच शब्द वापरून चार ओळी लिहितं.

शुद्धलेखनाचे सगळे नियम पाचवीत नकोत, दोन पुरे. पहिला: मराठी शब्दाच्या शेवटी येणारी इ-उ दीर्घ लिहायची. पाणी, गाडी, चाकू, लाडू. ‘आणि’ अपवाद म्हणून भिंतीवर लावून ठेवा. दुसरा: मूल-मुलाला, फूल-फुलात, कीड-किडीने. शब्दाला प्रत्यय लागला की त्याच्या शेवटच्या अक्षराआधीची दीर्घ ई-ऊ ह्रस्व होते. (संस्कृतातून आलेल्या शब्दांना हे लागू नाही, पण ते सहावी-सातवीत सांगा.) एवढ्याने मोठा गोंधळ सुटतो.

‘ळ’चं मात्र जपून. ‘शाया’वर फार टोकलं की मूल भीतीने ‘कायदा’चंही ‘काळदा’ करून ठेवतं. दोन रकान्यांच्या वहीतून शाया-शाळा, केयी-केळी, डोया-डोळा अशा जोड्या काढा आणि ‘घरी य, वहीत ळ’ हे मुलांनाच शोधू द्या. ‘कायदा’ला घरचं वेगळं रूप नाही, म्हणून तिथे बदल नाही, हेही त्यांनाच सापडतं.

वेळ आणि हंगाम

रोज सलग एक तास मिळवा: दहा मिनिटं तुम्ही गोष्ट वाचून दाखवायची, वीस मिनिटं गटात वाचन, दहा शब्दांची वही, वीस लेखन. तुमची दहा मिनिटं ‘मोठी झाली आता’ म्हणून पाचवीत कापू नका. पुस्तकी मराठी कानावर पडायची अनेक मुलांची तेवढीच जागा असते.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांना जुन्या गटात बसवू नका, पहिल्याच दिवशी पुन्हा चार कागदांची चाचणी घ्या. बऱ्याचदा अक्षरं शाबूत असतात, वेग गेलेला असतो. मग अक्षरगटात न ढकलता दोन आठवडे फक्त उताऱ्याचं वाचन द्या, सकाळी एकदा आणि सुट्टीआधी एकदा. जाताना दप्तरात पाच-सहा सोपी गोष्टींची पुस्तकं आणि दोन रकान्यांची वही दिली असेल, तर आल्यावर आधी ती वही मागा. डाव्या रकान्यात फडावरचे नवे शब्द असतील, त्यांच्यावरूनच पहिला लेख लिहून घ्या.