लोहाची गोळी आणि चहा एकत्र नको
आपल्या कोल्हापुरात गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्या देतात, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. गोळ्या फुकट मिळतात, पण निम्म्या डब्यातच पडून असतात, कारण मळमळ होते, पोट साफ होत नाही आणि शी काळी झाली की घरातले घाबरतात. काळी शी होणारच, लोहामुळं होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अजून बरं, लोह चांगलं शोषलं जातं.

मेन घोळ चहाचा. गोळी किंवा जेवणाच्या आगंमागं तासभर तरी चहा नको, त्यानं लोह अंगाला लागत नाही, आणि कॅल्शियमची गोळी पण वेगळ्या वेळी, दोन तासांचं अंतर ठेवून.

गुळानं रक्त वाढतं असं सगळ्या सासवा सांगतात, पण नुसत्या गुळावर भागत नाही ओ. मटण खात असाल तर रश्श्यातले पीसही खा, नुसता रस्सा ओरपू नका. नसाल खात तर मेथी, मटकी, हरभरा, वर लिंबू पिळून.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं की अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त कमी धरतात, ७ च्या खाली गेलं तर घरचे उपाय करत बसू नका, थेट कोल्हापूरचा सीपीआर सरकारी दवाखाना नाहीतर जवळचा मोठा दवाखाना गाठा.