टोमॅटोची कोवळी रोपं आणि उसाचा हात: पॉलीहाऊसमध्ये या चुका टाळा

सकाळी पॉलीहाऊसमध्ये शिरावं आणि काल ताठ उभी असलेली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसावीत, अशी वेळ पहिल्या वर्षी बऱ्याच जणांवर येते. माझ्यावर ती श्रावणाच्या झडीत आली. ९८ कप्प्यांचे सहा ट्रे होते, त्यातले दोन ट्रे तीन दिवसांत गेले. आधी वाटलं बियाणं खराब निघालं. मग वाटलं, एखादं जालीम औषध मारावं. शेवटी ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत घेऊन दाबलं तर पाणी टपटप गळायला लागलं. तेव्हा कळलं, रोपं मी पाण्यानं मारली होती.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा हात उसाचा. रात्री लाईट आली की मोटर चालू करायची, सरी भरेपर्यंत पाणी सोडायचं. उसाला ते चालून जातं. पण तीन आठवड्यांच्या टोमॅटोच्या मुळीला पाण्याइतकीच हवा लागते. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं, हा शब्द आपण शेतात रोज वापरतो, ट्रेकडे बघताना मात्र विसरतो. सतत ओल्या, कोंदट माध्यमात पिथियमसारख्या बुरशी वाढतात आणि कोवळं खोड बुडाशी कुजवतात. यालाच आपण रोपं कोलमडणं म्हणतो. एकदा खोड बारीक झालं की ते रोप वाचत नाही. ते कोकोपीटसकट काढून पॉलीहाऊसच्या बाहेर लांब टाका आणि शेजारच्या कप्प्यांचं पाणी तोडा. औषधाची आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं, करायची ती उरलेल्या रोपांना वाचवण्यासाठी.

पाणी कधी द्यायचं, हे घड्याळ बघून ठरवू नका. ट्रे उचलून बघा. पाणी प्यायलेला ट्रे आणि सुकत आलेला ट्रे यांच्या वजनातला फरक आठवडाभरात हाताला कळायला लागतो. माध्यम मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत जेमतेम ओल जाणवली तर ओलावा बरोबर आहे. पाणी सकाळीच द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. झडीच्या दिवसांत एखादा दिवस पाणी दिलंच नाही तरी काही बिघडत नाही.

दुपारी रोपं माना टाकतात तेव्हा खरी गफलत होते. मान टाकलेलं रोप बघून जीव कळवळतो आणि हात आपोआप झारीकडे जातो. थांबा, आधी बोट खुपसून बघा. माध्यम कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असूनही रोप सुकत असेल तर एक रोप उपटून मुळं बघा. पांढरी असतील तर ऊन जास्त झालंय, सावलीची जाळी ओढा. तपकिरी आणि बुळबुळीत असतील तर मूळकूज आहे, तिथं आणखी पाणी म्हणजे उरलेली रोपंही घालवणं.

दुसरी मोठी चूक पडद्यांची. पाऊस आला की आपण चारी बाजूंचे पडदे खाली सोडतो आणि दिवसभर तसेच ठेवतो. आतली दमट हवा कोंडते, छताला साठलेले थेंब रोपांवर पडत राहतात. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूचा पडदा बंद ठेवा आणि पूर्वेचा थोडा वर गुंडाळा. त्यातही एकाच जिल्ह्यात गगनबावड्याची झड वेगळी आणि शिरोळची कोरडी हवा वेगळी, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

आता तंबाखू. कागल आणि निपाणीचा पट्टा जवळ, आणि कामावरच्या निम्म्या लोकांच्या खिशात पुडी. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या, मळलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि बोटांवरून रोपांवर जातो. पानं फिकट-गडद ठिपक्यांची, सुरकुतलेली दिसायला लागली की त्यावर कोणतंही औषध नाही. म्हणून दारात साबण आणि पाण्याची बादली ठेवा आणि हात धुतल्याशिवाय कुणालाही रोपांना हात लावू देऊ नका. मोठ्या माणसाला सांगताना अवघड वाटतं. तरी सांगा, ‘काका, हात धुऊन या.’

पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली, रोप खुजं राहिलं तर बहुतेक वेळा तो पांढऱ्या माशीनं आणलेला पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग असतो. खिडक्यांना ४० मेशची, म्हणजे बारीक छिद्रांची, जाळी लावायची आणि दार मात्र उघडं टाकायचं, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. दोन दारं करा, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पिवळे चिकट सापळे लावा. पॉलीहाऊसला लागून मिरची, वांगी किंवा जुना टोमॅटो असेल तर माशी तिथूनच येते.

रोपं लांबट आणि लुळी झाली तर उजेड कमी पडतोय किंवा नत्र जास्त झालंय. ट्रे सुटे ठेवा, युरियाचा मोह टाळा. लांबट रोप फेकून देऊ नका. खालची दोन पानं काढून खोडाचा तेवढा भाग मातीत पुरा, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. कलमी रोपाचं मात्र असं करू नका, त्याचा जोड मातीच्या वरच राहायला हवा.

लागवड २५ ते ३० दिवसांच्या, चार-पाच पानं असलेल्या रोपांची करा. त्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करून, सावली हळूहळू काढून रोपं कणखर करून घ्या. बेडमध्ये कच्चं शेणखत घालणं ही आपली जुनी सवय. कुजताना ते तापतं, मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, वापरणार असाल तर चांगल्या कुजलेल्या खतात मिसळा, आणि त्याच आठवड्यात तांब्याचं बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर ट्रायकोडर्माही मरेल. शिरोळ भागात विहिरीचं पाणी खारं असतं. पानांच्या कडा करपत असतील तर खत वाढवण्याआधी पाणी तपासून घ्या.

लागवड दुपारी चारनंतर करा. पहिल्या पाण्यानं बेड चांगला भिजू द्या, पुढचं पाणी ठिबकनं थोडं थोडं. दहा दिवसांनी एका रोपाशेजारची माती हलक्या हातानं उकरून बघा. ट्रेच्या गठ्ठ्याबाहेर पांढऱ्या मुळ्या पसरलेल्या दिसल्या की सुतळी बांधायला घ्या.