आयडा बी. वेल्सचे कागद घरबसल्या कसे वाचायचे

आयडा बी. वेल्स म्हणजे लिंचिंगविरुद्ध (जमावाने माणसं ठार मारण्याविरुद्ध) लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार. त्यांच्यावर लेख ढीगभर आहेत, पण ते नंतर वाचा, आधी थेट बाईंचे कागद उघडा. ते शिकागो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहेत, बरेचसे स्कॅन झालेत आणि फुकट बघता येतात.

आधी फाइंडिंग एड बघा, म्हणजे कुठल्या बॉक्समधे कुठल्या फोल्डरमधे काय आहे त्याची यादी. कंटाळवाणी असते, पण ती न वाचता स्कॅन उघडले की डायरी, पत्रं, कात्रणं, आत्मचरित्राचा खर्डा सगळ्याची खिचडी होते.

मग डायरी. १८८५ ते ८७ ची, मेम्फिसमधे शाळेत शिकवत होत्या तेव्हाची. अक्षर लागायला वेळ लागतो, पहिली दोनचार पानं नुसती बघत बसा. मजा बघायची तर एप्रिल १८८७ ची नोंद काढा. मागची गोष्ट अशी की तिकीट असून रेल्वेच्या लेडीज डब्यातून ओढून बाहेर काढलं म्हणून त्यांनी कंपनीवर केस केली (त्या झटापटीत कंडक्टरच्या हाताला चावल्या पण होत्या 😄), १८८४ मधे खालच्या कोर्टात ५०० डॉलर मिळाले आणि ८७ ला टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. डायरीत तो फटका ताजा आहे. आत्मचरित्रात हीच केस कितीतरी वर्षांनी सांगितलीये, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आत्मचरित्र १९३१ ला त्या गेल्या तेव्हा अर्धवटच होतं, मुलगी अल्फ्रेडा डस्टरने नीट लावलं आणि ते १९७० ला छापून आलं, त्यामुळे पुस्तक आणि खर्डा पण ताडून बघायला हरकत नाही.

जुन्या पेपरांत सर्च करताना मात्र नावाचा घोळ आहे. सुरुवातीला त्या आयोला नावाने लिहायच्या, १८९५ ला फर्डिनांड बार्नेटशी लग्न झाल्यावर वेल्स-बार्नेट झाल्या, तिन्ही नावं इंग्रजीत टाका नाहीतर अर्धं निसटतं. त्यांचा स्वतःचा फ्री स्पीच पेपर शोधण्यात मात्र जीव काढू नका. १८९२ मधे लिंचिंगविरुद्ध लिहिलं म्हणून जमावाने ऑफिस फोडलं, त्याचे अंक मिळणं जवळपास अशक्यच. त्यातलं काय हवं असेल तर दुसऱ्या पेपरांनी उचलून छापलेले उतारे शोधा, त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसची जुन्या पेपरांची साइट बघा, ती पण फुकट आहे.

आणि स्क्रीनशॉट काढाल तेव्हा फाइलच्या नावातच बॉक्स आणि फोल्डर नंबर टाका, महिन्याभराने कुठलं पान कुठलं काही आठवत नाही.