सिंथेटिक पेट्रोल येणार म्हणून जुनी गाडी ठेवायची का? हिशोब असा लावा

"हवा आणि पाण्यापासून पेट्रोल बनतंय, ईव्ही घ्यायची घाई करू नका" असा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर आला की पहिलं हे लक्षात घ्या, गोष्ट खोटी नाहीये. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढतात, त्याला कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेनॉल करतात आणि मिथेनॉलचं पेट्रोल. चिलीत पुंता अरेनासजवळ हारू ओनी नावाचा प्लांट डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि तिथल्या पेट्रोलवर पोर्शे 911 चालवूनही दाखवली. पण त्याची क्षमता वर्षाला साधारण 1,30,000 लिटर, म्हणजे दिवसाला जेमतेम दहा गाड्यांच्या टाक्या भरतील एवढीच.

मग विचारायचं काय, तर कार्बन कुठला, हायड्रोजन कुठला आणि वीज कुठली. कारण नुसतं सिंथेटिक म्हणजे स्वच्छ असं अजिबात नाही, 1925 च्या सुमाराला जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी काढलेल्या पद्धतीने कोळशापासूनही इंधन बनतं, आणि दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनी ते अजून बनवते. आणि आपल्या पंपावरचं ई-20 हे यातलं नाहीच, त्यात ऊस आणि धान्यापासून केलेलं 20 टक्के इथेनॉल असतं.

आता कागद-पेन घ्या. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, आणि विजेपासून ते बनवताना निम्मी तरी वाया जाते, म्हणजे लिटरला 18 युनिट धरा. तेवढ्याच विजेवर छोटी ईव्ही आरामात 100 किलोमीटर जाते, आणि अंधेरी-दादरच्या ट्रॅफिकमध्ये तुमची पेट्रोल गाडी एका लिटरला किती देते ते तुम्हाला माहितीच आहे, 12 मिळाले तरी खूप झालं. युनिटला 6 रुपये धरले तर नुसती वीजच 108 रुपयांची, त्यात प्लांटचा खर्च, वाहतूक, टॅक्स काहीच नाही. आणि ती वीज आपल्या ग्रिडची घेतली, जी अजून मुख्यतः कोळशावरच आहे, तर युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे लिटरमागे 12-13 किलो झाला, साधं पेट्रोल जाळल्यावर 2.3 किलो निघतो. म्हणून सौर किंवा पवन वीज नसेल तर हे पेट्रोल बनवूच नये असं माझं ठाम मत आहे.

फायदे आहेत आणि ते खरे आहेत. इंजिन बदलायला नको, तेच पंप, तेच टँकर चालतात, गंधक जवळजवळ नसतं, आणि इथेनॉल मिसळलं नाही तर पाणी ओढून घेत नाही, ॲव्हरेजही घटत नाही. मुंबईत कित्येक गाड्या पावसाळाभर बिल्डिंगखाली उभ्याच असतात, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट. पण ते पेट्रोल येईपर्यंत आपल्या हातात काय आहे, तर टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत ओलसर हवा कमी राहते, आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली फिरवा, आणि 2023 च्या आधीची गाडी असेल तर बॉनेट उघडून इंधनाचा रबरी पाइप बोटाने हलकेच वाकवून बघा, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा पाइप चिकट, फुगलेला लागला किंवा पेट्रोलचा वास आला तर मेकॅनिककडून ई-20 ला चालणारा पाइप लगेच बसवून घ्या, यात चालढकल करू नका, आग लागायला गरम इंजिनावर एक थेंब पुरतो.

तोट्यांमध्ये किमतीइतकंच मला खुपतं ते सायलेन्सरमधून निघणारं. हवेतून घेतला तेवढाच कार्बन जाळल्यावर परत हवेत गेला, असं चक्र कागदावर जुळलं तरी इंजिनात जाळ होतोच, नायट्रोजन ऑक्साइड निघतोच, आणि तो चिलीत नाही, सायनच्या सिग्नलला शाळेच्या बसमध्ये बसलेल्या पोराच्या नाकात जातो.

तर ठरवायचं कसं? रोज ऑफिसला गाडी नेत असाल आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवता येत असेल तर थांबू नका, सरळ ईव्हीचा हिशोब करा, सोसायटी चार्जरला परवानगी देत नसेल तर सीएनजी किंवा हायब्रिड बघा. गाडी 15 वर्षांची होत आली असेल तर आरटीओत फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्स आणि दुरुस्तीचा अंदाज आधी काढा, सिंथेटिक पेट्रोल येईल या आशेवर त्यात पैसे घालू नका. कारण हे इंधन वाढलं तरी आधी विमानांना लागणार, त्यांना बॅटरी झेपत नाही, युरोपने 2030 पासून विमान इंधनात सिंथेटिकचा ठराविक हिस्सा सक्तीचा केलाय आणि आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय विमानांसाठी 2027 ला 1 टक्का, 2030 ला 5 टक्के शाश्वत, म्हणजे खनिज तेलापासून न बनवलेल्या, इंधनाचं लक्ष्य आहे.

अपवाद एकच, आजोबांची जपून ठेवलेली फियाट वगैरे. 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, ती रोज चालवायची नसतेच आणि वर्षाला थोडंसंच पेट्रोल लागतं, तिथे महाग इंधनही परवडेल. तेव्हा अशी गाडी असेल तर भंगारात घालू नका, कागदपत्रं आत्ताच शोधून ठेवा.